मशीन ठीक आहे, पण बाईचं दुखतंय

भंडारदऱ्याहून, शेंडीच्या आमच्या बचत गटांच्या वतीनं आज बोलतोय. मागच्या महिन्यात रक्तक्षयावर बोललो होतो. आजचा विषय तेवढा सर्रास नाही. पण ज्या घरात तो आहे तिथं रोजचा आहे.

आमच्या गटांत दोघीजणी अशा आहेत, ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे. आपल्याकडे सरळ ‘मशीन बसवलंय’ असं म्हणतात. एकीचं एकदाच बसवलं आणि तिचं छान चाललंय. दुसरीचं ऑपरेशन तीन वेळा झालं. पहिलं लग्नानंतर लगेच, दुसरं वायर खराब झाली म्हणून आणि तिसरं बॅटरी संपत आली म्हणून. हिचं दुखणं थांबत नाही. डावा खांदा, गळपट्टीच्या हाडाखालची जागा, कधी दंड, कधी पाठीचं फावडं. तपासणीला गेलं की दोन-पाच मिनिटांत सांगतात, ‘सगळं नॉर्मल आहे.’ घरी आलं की सासू म्हणते, ‘नवं मशीन टाकलंय, आता काय दुखतंय हिचं?’ आणि मग ती गप्प बसते. या गप्प बसण्याबद्दल आम्हाला बोलायचंय. ताईंनी आम्हाला सांगितलंय की सगळं सांगा, फक्त नाव घेऊ नका.

आधी मशीन म्हणजे काय ते बघू. आपलं हृदय स्वतःच वीज तयार करतं आणि त्या विजेच्या इशाऱ्यावर ठोके पडतात. काही जणांत हा इशारा खालपर्यंत पोचत नाही, किंवा फार सावकाश पोचतो. मग ठोके कमी पडतात, चक्कर येते, डोळ्यांपुढं अंधारी येते, माणूस पडतो. कुणाला हे वयामुळं होतं, कुणाला जन्मापासून असतं, कुणाला झडपेच्या ऑपरेशननंतर होतं. पेसमेकर म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी, चपटी धातूची डबी. तिच्यात बॅटरी असते. तिच्यातून एक किंवा दोन वायरी शिरेतून हृदयापर्यंत जातात. ठोका चुकला की डबी इशारा देते. डबी गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक कप्पा करून ठेवतात. बहुतेकांची डाव्या बाजूला असते.

बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं चालते. म्हणजे सत्तरीच्या आजोबांना मशीन बसवलं तर कदाचित एकदाच बदलावं लागेल. पण पंचविशीच्या पोरीला बसवलं तर आयुष्यात चार-पाच वेळा तोच कप्पा उघडावा लागणार, हे आजच धरून चालायचं. बॅटरी एकटी बदलता येत नाही, सगळी डबीच बदलतात. वायरी चांगल्या असतील तर त्याच ठेवतात. कधी वायर तुटते, कधी जागेवरून सरकते. कधी जंतुसंसर्ग होतो, मग तर सगळंच बाहेर काढून, औषधं देऊन, नवं मशीन बहुतेक दुसऱ्या बाजूला बसवावं लागतं.

पहिला पेसमेकर शरीराच्या आत बसवला तो स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात, 8 ऑक्टोबर 1958 रोजी. पेशंट होते आर्ने लार्सन. त्यांची बायको एल्से-मारी डॉक्टर सेनिंग आणि इंजिनिअर एल्मक्विस्ट यांच्या मागं लागली होती, की माझ्या नवऱ्यासाठी असं यंत्र बनवाच. यंत्र घाईघाईत बनलं. त्याचा साचा म्हणून बूट पॉलिशची डबी वापरली होती! ते काही तासांतच बंद पडलं. पुढं त्या माणसाला आयुष्यात वीसहून जास्त वेळा मशीन बदलावं लागलं. तरी ते 86 वर्षं जगले, 2001 साली वारले, आणि तेही हृदयाच्या नव्हे, कॅन्सरच्या आजारानं. आमच्या ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘वीस वेळा! त्या बाईनं त्याचं किती केलं असेल.’ त्यांना पहिली आठवली ती बायको. आम्हालाही तीच आठवली.

आता मुद्द्याचं. दुखतं का?

ऑपरेशननंतर दोन-चार आठवडे दुखणं सगळ्यांनाच असतं आणि बहुतेकींचं हळूहळू कमी होत जातं. तीन महिन्यांच्या पुढंही दुखत राहिलं तर डॉक्टर त्याला जुनाट दुखणं म्हणतात, आणि त्याचा वेगळा विचार करावा लागतो. एकच जागा पुन्हा पुन्हा उघडली की आत व्रणाचा जाड पापुद्रा तयार होतो. शेतात एकाच जागी नांगर अडकला की तिथली माती कशी घट्ट होते, तसं समजा. त्या व्रणात कातडीच्या बारीक नसा अडकतात, ओढल्या जातात, कधी कापल्या जातात. बिघडलेली नस कारण नसताना इशारे देत राहते. जखम कधीच भरलेली असते, पण मेंदूला वाटतं, अजून इजा होतेय. हे नाटक नव्हे. ते खरंखुरं दुखणं आहे, फक्त वरून दिसत नाही.

बारीक अंगाच्या बायकांना आणखी एक त्रास असतो. कातडीखाली चरबी कमी, त्यामुळं डबी वर उठून दिसते आणि कड टोचते. आणि आपले कपडे! डबी असते नेमकी तिथं आतल्या कपड्याचा पट्टा येतो, तिथंच ब्लाउजची शिवण येते, आणि डाव्या खांद्यावर पदराची पिन टोचतो तीही तिथंच. पुरुषाला यातलं काही नाही, म्हणून दवाखान्यात हे कुणी आपणहून विचारत नाही. आमच्या ताईंचं निम्मं दुखणं पट्ट्यानं वाढत होतं. हे कळलं ते आमच्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीला. तिनं पट्टा रुंद केला, आतून मऊ सुती कापडाची घडी शिवली, ब्लाउजची खांद्याची शिवण अंगठाभर मागं सरकवली आणि पिन उजवीकडं लावायला सांगितली. खर्च काहीच नाही. पोत्याची, पर्सची दोरीसुद्धा त्या खांद्यावर नको. झोपताना त्या बाजूचा हात लोंबकळू देऊ नका, हाताखाली उशी किंवा गोधडीची घडी घ्या.

खांद्याचं दुखणं हा तर वेगळाच धडा आहे. नवी वायर टाकली की पहिले चार ते सहा आठवडे डॉक्टर सांगतात, तो हात खांद्याच्या वर नेऊ नका, ओझं उचलू नका. कारण वायर हृदयात रुतायला वेळ लागतो. हे अगदी बरोबर आहे आणि ते पाळायचंच. पण घरी काय होतं? सहा आठवड्यांचे सहा महिने होतात. कुणी म्हणतं, हात हलवलास तर वायर तुटेल. मग बाई हात पोटाशी धरून बसते. खांद्याचा सांधा न हलवता ठेवला की तो आखडतो. मग वेणी घालता येत नाही, ब्लाउज घालता येत नाही, आणि जे दुखतं ते मशीनचं नसून आखडलेल्या खांद्याचं असतं. म्हणून पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर हलवत राहायचं. खांदासुद्धा खांद्याच्या उंचीच्या खाली हळूहळू हलवायचा. डॉक्टरांनी वर न्यायला परवानगी दिली की भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, रोज चार बोटं जास्त. दुखेपर्यंत ओढायचं नाही, ताण जाणवला की थांबायचं. हात कधीपासून वर न्यायचा, ती तारीख डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. ‘थोडे दिवस’ असं म्हणाले तर विचारा, थोडे म्हणजे किती?

आणि ओझं? आपल्या धरणाचं, विल्सन धरणाचं, काम 1926 साली पूर्ण झालं. त्याचं पाणी प्रवरेतून खालच्या रानांना जातं आणि वरच्या वाड्यांतल्या बाया उन्हाळ्यात अजून डोक्यावर हंडे वाहतात. त्यावर बोलायला लागलो तर आजचा कार्यक्रम त्यातच संपेल. पण हिशोब करा. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो, वर भांड्याचं वजन. तो डोक्यावर चढवताना दोन्ही हात वर जातात, आणि त्या क्षणी कप्प्यावर सगळ्यात जास्त ओढ पडते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत हे चालणारच नाही. नंतरही ज्या बाईला दुखतं तिनं हंडा एकटीनं चढवू नये, दुसरीनं उचलून द्यावा, किंवा छोट्या कळशीनं दोन खेपा कराव्यात.

आता आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. दवाखान्यात मशीन तपासतात म्हणजे काय करतात? छातीवर एक चपटं यंत्र ठेवतात आणि समोरच्या पडद्यावर आकडे येतात. बॅटरी किती उरली, वायर चांगली आहे का, ठोके किती दिले, मध्ये काही गडबड झाली का. हे फार उपयोगाचं आहे आणि ठरल्या तारखेला करायलाच हवं. पण त्या पडद्यावर बाईचं दुखणं दिसत नाही. तसा आकडाच तिथं नसतो. म्हणून ‘सगळं नॉर्मल’ याचा अर्थ मशीन नॉर्मल, एवढाच घ्यायचा. तिथून उठायच्या आधी म्हणायचं, ‘डॉक्टरसाहेब, मशीन झालं, आता माझं दुखणं बघा. इथं हात लावून बघा.’ एवढं वाक्य ताईंना म्हणता येईना, म्हणून आमच्यातली एक बरोबर गेली. दोघी असल्या की बोलायला धीर येतो.

पण नुसतं ‘दुखतं’ म्हणून डॉक्टरांना काही कळत नाही. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत ते बघा. ठणकतं. कळ येते. चमक निघते. आग होते. झोंबतं. मुंग्या येतात. बधिर वाटतं. ओढ लागते. टोचतं. जड वाटतं. या प्रत्येक शब्दाला अर्थ आहे. आग होते, मुंग्या येतात, नुसता पदर लागला तरी झोंबतं, असं असेल तर बहुतेक नसेचं दुखणं. हात वर नेताना एका उंचीवर अडतं आणि कळ येते, तर बहुतेक खांद्याचं. दळण-कांडण, धुणं केल्यावर जड होतं आणि विश्रांतीनं उतरतं, तर स्नायूचं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येतं आणि तिथं कड टोचते, तर डबीच्या जागेचं. आणि सारखं ठणकतंय, रात्रीही ठणकतंय, जागा गरम लागतेय, तर संसर्गाचा संशय घ्यायचा. निदान आपण करायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. पण हा शब्द नेमका सांगितला तर त्यांचं काम सोपं होतं.

यासाठी आम्ही ताईंना एक वही करून दिली. गटाच्या हिशोबाच्या वहीसारखीच. तारीख, दुखण्याचा शब्द, दहापैकी किती, त्याआधी काय काम केलं, कशानं कमी झालं, झोप लागली का. लिहिता येत नसेल तर पोरगी लिहील. पंधरा दिवसांतच ताईंच्या लक्षात आलं की सोमवारी आणि मंगळवारी जास्त दुखतं. कारण रविवारी राजूरच्या पाहुण्यांचं, घराचं, धुण्याचं सगळं एका दिवसात उरकायचं. बरं वाटलं की सगळं उरकून टाकायचं आणि मग दोन दिवस पडून राहायचं, ही आपल्या सगळ्यांचीच खोड आहे. जुनाट दुखण्यात ती महागात पडते. त्यापेक्षा वीस मिनिटांनी दुखायला लागतं हे माहीत असेल तर पंधराव्या मिनिटाला हात थांबवायचा, दहा मिनिटं बसायचं आणि पुन्हा सुरू करायचं. दुखायला लागायच्या आधी थांबायचं. ऐकायला सोपं आहे, पण निम्म्या भाकरी झाल्यावर चुलीपासून उठणं किती अवघड असतं ते चुलीपुढं बसणारीलाच ठाऊक.

औषधांचं नीट ऐका. दुकानातून आपल्या मनानं दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या हृदयाच्या पेशंटला, रक्त पातळ करायचं औषध चालू असलेल्याला, किडनी कमजोर असलेल्याला घातक ठरू शकतात. पॅरासिटामॉल त्या मानानं सुरक्षित, पण तीही किती आणि किती दिवस हे डॉक्टरांना विचारूनच. नसेच्या दुखण्यावर या साध्या गोळ्या फारशा चालतच नाहीत. त्याची औषधं वेगळी असतात, डॉक्टर थोड्या डोसनं सुरू करतात आणि गुण यायला आठवडे लागतात. मोठ्या रुग्णालयात दुखण्याचा वेगळा विभाग असतो, तिथले बहुतेक डॉक्टर भूलतज्ज्ञ असतात. तिथं पाठवा असं आपणही म्हणू शकतो. कधी कधी डबी खोल, स्नायूखाली हलवून त्रास कमी करता येतो, पण ते आणखी एक ऑपरेशन. प्रत्येक वेळी कप्पा उघडला की संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर लगेच तयार होत नाहीत. त्यामागचं कारण हे आहे, आपल्याला टाळतात असं नाही.

आपल्याकडे दुखलं की शेकायचं, चोळायचं, लेप लावायचा. काही वाड्यांवर अजून डागही देतात. मशीनच्या जागेवर यातलं काहीही नको. चोळल्यानं डबी कप्प्यात फिरू शकते आणि वायर ओढली जाते. झाडपाल्याच्या लेपानं ताज्या टाक्यांत जंतू जातात. मान, पाठ, दुसरा खांदा यांना कोमट पाण्याची पिशवी चालते. फिजिओथेरपीला गेलात तर दारातच सांगा, ‘मला पेसमेकर आहे.’ तिथली डायथर्मी नावाची विजेची शेक पेसमेकरवाल्यांना बिलकुल द्यायची नसते, आणि मुंग्या आणणाऱ्या विजेच्या पट्ट्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायच्या नाहीत. हातानं करून घेतलेले व्यायाम चालतात.

विजेचा विषय निघालाच आहे तर बाकीचंही सांगतो, कारण यावर अफवा फार. मिक्सर, टीव्ही, पंखा, इस्त्री, सगळं चालतं. मोबाईल चालतो, पण मशीनपासून निदान 15 सेंटीमीटर, म्हणजे वीतभर लांब. उजव्या कानाला लावा. आणि बायांनो, मोबाईल ब्लाउजमध्ये खोचायची सवय मशीनवालीनं सोडायची. आम्हा सगळ्यांना ती सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. इंडक्शनची शेगडी असेल तर दोन फुटांवरून स्वयंपाक. वेल्डिंगच्या जवळ उभं राहू नका. हेडफोन, स्पीकर यांत चुंबक असतं, ते छातीवर लोंबकळू देऊ नका. आमच्या ताई इथं रेकॉर्डिंगला आल्या तेव्हा हेडफोन गळ्यात अडकवायला निघाल्या होत्या, तो आम्ही बाजूला ठेवला. एमआरआय करायची वेळ आली तर मशीन त्याला चालणारं आहे का हे कार्डावर लिहिलेलं असतं, ते दाखवल्याशिवाय खोलीत जायचं नाही.

आता धोक्याच्या खुणा, कारण सगळंच दुखणं वहीत लिहून थांबायचं नसतं. जागा लाल, गरम, सुजलेली. टाक्यांतून पाणी किंवा पू. थंडी वाजून ताप. कातडी पातळ, चकचकीत, निळी-काळी पडलेली किंवा डबीची कड दिसायला लागलेली. यात दुखत नसलं तरी त्याच दिवशी जायचं, पट्टी बांधून घरी बसायचं नाही. संसर्ग ऑपरेशननंतर महिन्यांनी, कधी वर्षानंही होऊ शकतो, म्हणून ‘आता कसला संसर्ग’ असं म्हणू नये. त्या बाजूचा सगळा हात सुजला तर शिरेत गाठ झालेली असू शकते. उचकी थांबत नाही किंवा छातीचा, पोटाचा स्नायू ठोक्याठोक्याला उडतो, तर वायर सरकलेली असू शकते. चक्कर, बेशुद्धी, दम लागणं, छातीत दाब येणं, यात तर वाटच बघायची नाही, 108 ला फोन करायचा. आणि एक खूण सगळ्यांत सोपी. बरेच महिने ठीक होतं आणि अचानक वेगळंच दुखायला लागलं, तर ते जुनं दुखणं नाही, नवं आहे असंच समजायचं.

नाडी मोजायला आशाताईंकडून शिकून घ्या. पूर्ण एक मिनिट मोजायची. मशीन किती ठोक्यांवर लावलंय तो आकडा डॉक्टरांना विचारून कार्डामागं लिहून ठेवा. नाडी त्याच्या खाली गेली तर फोन करा. पावसाळ्यात रतनवाडी, घाटघरकडच्या बायांनी तर हे शिकायलाच हवं. तिकडं धो-धो पाऊस पडतो तेव्हा रस्ता आणि रेंज दोन्ही जातात. बॅटरी संपत आल्याची सूचना तपासणीत काही महिने आधी मिळते. ती मे महिन्यात मिळाली तर आवणी उरकून जाऊ असं म्हणू नका, पावसाआधी जाऊन या.

पैशाचं. मशीन महाग असतं. मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये 53 गरीब पेशंटना अमेरिकेतल्या मृत माणसांच्या शरीरातून काढलेले, नीट तपासून निर्जंतुक केलेले पेसमेकर बसवले होते. त्याचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. नव्या मशीनचा पैसा नाही म्हणून माणसं अशी जगवावी लागली. आपल्या राज्यात 2012 साली जीवनदायी योजना सुरू झाली, तिचंच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असं नाव आहे. पेसमेकर बसवणं तिच्यात आहे. 2023 साली सरकारनं मर्यादा दीड लाखावरून कुटुंबामागं वर्षाला पाच लाख करायचं ठरवलं. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. मशीन बदलणं, वायर बदलणं, नंतरची तपासणी आणि औषधं यातलं काय बसतं हे त्याला भरती व्हायच्या आधी विचारा. फोन 155388 किंवा 1800 233 2200.

पण योजनेत एसटीचं भाडं नसतं, बरोबर येणाऱ्या बाईचा बुडालेला रोज नसतो. घोटीमार्गे नाशिकला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. यासाठी आमच्या गटानं अंतर्गत कर्जाचा एक छोटा नियम केला. दवाखान्याच्या प्रवासाला बिनव्याजी पैसे, कागद न करता, वहीत नोंद करून. दर बैठकीला कुणी तरी म्हणतं की याचा गैरफायदा घेतील. आजवर कुणी घेतलेला नाही.

आणि शेताचं. आमच्याकडं अजून सावड चालते, एकमेकींच्या शेतात आवणीला जायचं. ताईंना वाटायचं, आपण वाकून आवणी करू शकत नाही म्हणजे आपली सावड फिटत नाही, म्हणजे आपल्या शेतात कुणी येणार नाही. या भीतीनं त्या दुखत असताना चिखलात उतरत होत्या. हे आम्हाला त्यांनी दोन वर्षं सांगितलं नव्हतं. मग बैठकीत ठरवलं, त्यांनी बांधावर चहा-भाकरीचं आणि लहान पोरांचं बघायचं, आणि तो पूर्ण दिवस धरायचा. अर्धा नाही, पूर्ण. एका जणीनं कुरकुर केली. तिला दुसरीनं विचारलं, ‘सात पोरं दिवसभर सांभाळून दाखवतेस का?’ मग ती गप्प झाली.

घरच्या माणसांनाही एक सांगायचंय, विशेषतः जे रेडिओ चुलीजवळ लावून ऐकतात त्यांना. सारखं दुखत असलं की झोप जाते, झोप गेली की दुखणं वाढतं, चिडचिड होते, रडू येतं. मशीन मध्येच बंद पडेल अशी भीतीही मनात असते, ती रात्री जास्त येते. ‘काय नुसती रडतेस’ म्हणण्यापेक्षा ‘आज कुठला शब्द आहे, ठणका की आग?’ असं विचारा. ताईंचा नवरा आता असं विचारतो. सुरुवातीला त्याला लाज वाटायची. मन फारच खचत असेल तर सरकारचा टेली-मानस हा फोन आहे, 14416. दिवसा-रात्री कधीही लावता येतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

ताईंचं दुखणं संपलेलं नाही, हे खरं सांगतो. दहापैकी सात असायचं, आता बऱ्याच दिवशी तीन-चार असतं. एखाद्या थंडीच्या सकाळी पुन्हा सहा. खांदा पुष्कळ मोकळा झालाय, वेणी स्वतः घालतात. नसेची औषधं चालू आहेत, त्यानं थोडी गुंगी येते म्हणून रात्रीच घेतात. पुढची डबी कधी बदलायची ते साधारण माहीत आहे, आणि यावेळी ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत. काप कुठून घेणार? डबी थोडी बाजूला, पट्ट्यापासून दूर बसवता येईल का? हात कुठल्या तारखेपासून वर न्यायचा? दुखणं राहिलं तर कुणाकडं यायचं?

तपासणीला जाताना पिशवीत काय घ्यायचं ते सांगून थांबतो. पेसमेकरचं कार्ड, आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये व घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये. आधार, रेशनकार्ड. जुने सगळे कागद, ऑपरेशनच्या तारखांच्या क्रमानं लावलेले. चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं, कारण नावं लक्षात राहत नाहीत. दुखण्याची वही. पुढून उघडणारा ब्लाउज घालून जा, म्हणजे जागा दाखवायला अवघडल्यासारखं होत नाही. आणि बरोबर एक बाई. ज्यांच्याकडं अशी वही करायची असेल त्यांनी दर गुरुवारी शेंडीला आमच्या बैठकीला या, आखून देऊ.